सिस्टर आणि अनुदानाचा अर्ज

सिस्टरांसारखं गप्प बसणं दुसऱ्या कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर. खोपटला आमच्या संस्थेच्या एका खोलीत त्या वस्त्यांमधल्या बायकांना शिकवायच्या, घरात मार खाणाऱ्या शेजारणीला आधार कसा द्यायचा ते. पहिला दिवस नुसता ऐकण्याचा. कुणी मध्येच सल्ला दिला की म्हणायच्या, "तिला तोंड उघडायला पाच वर्षं लागली. तू पाच मिनिटं तरी थांब."

हे प्रशिक्षण अनुदानावर चालायचं आणि अर्ज लिहायचे मी. सिस्टर त्यात कुणाचीही हकीकत घालू द्यायच्या नाहीत. "भिंतीला कान असतात ना, तसे कागदाला पाय असतात गं." मी हसायचे. मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटे.

एका वर्षी अनुदान देणाऱ्यांनी एक खरी कहाणी मागितली. ती नसेल तर अनुदान बंद, म्हणजे खोलीही बंद. मोहने वस्तीतली एक बाई तेव्हा नुकतीच दर गुरुवारी येऊन सिस्टरांशी बोलू लागली होती. सिस्टरांना न विचारता मी तिचंच लिहिलं. नाव बदललं, पण दंडावरचा इस्त्रीचा चटका, नवऱ्याची रिक्षा, जुळ्या मुली, सगळं तसंच ठेवलं. लिहिलंही छान, याची आज लाज वाटते.

अनुदान मिळालं. देणाऱ्यांनी ती कहाणी छापून कल्याणच्या एका कार्यक्रमात वाटली. तिथे मांडव घालायला तिचा दीर आला होता. त्यानं एक प्रत घरी नेली.

त्या गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. सिस्टर आणि मी मोहन्याला गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावाला नेलं तिला. कुठलं गाव, ते नाय माहीत."

परतताना मी रडत सगळं कबूल केलं. सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तू चांगल्यासाठीच केलंस, मला कळतं. पण ते तिला कोण सांगणार?" त्यानंतर त्या खोलीत आल्या नाहीत. त्यांच्या जागी, त्याच अनुदानावर, मी शिकवू लागले.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर बाळकुमला राहत्या घरी वारल्या. मोहन्याहून कितीतरी बायका आल्या होत्या. सिस्टरांना नमस्कार करायचं सोडून मी दारातून येणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा बघत उभी राहिले. त्यांना उचलून नेलं तोवर ती आली नव्हती.