बेदाण्याच्या शेडमधली तांबडी अंडी

मुलगा जर्मनीत राहतो, सूनही तिकडचीच. गेल्या वर्षी मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून सून सहा वर्षांच्या नातीला घेऊन एकटीच तासगावला आमच्या मळ्यात आली. त्यांचा ईस्टर नेमका तेव्हाच होता. त्यांच्याकडे म्हणे त्या सकाळी ससा येऊन रंगीत अंडी लपवून जातो आणि पोरं ती शोधतात. वाईट वागणाऱ्या पोरांकडे मात्र तो फिरकत नाही. ससा म्हणजे अर्थात घरातलंच कुणीतरी. या खेपेला सुनेने खाणाखुणा करत ते काम माझ्यावर सोपवलं आणि मला कोण आनंद झाला.

आदल्या दिवशी आम्ही दोघींनी अंडी कांद्याच्या सालींत उकडली. प्रत्येक अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून ते जुन्या पातळाच्या चिंधीत बांधलं होतं. चिंध्या सोडल्या तर तांबड्या अंड्यांवर फिकट पानं उमटलेली. सकाळी नात उठायच्या आत मी ती बेदाण्याच्या शेडमध्ये, द्राक्षं वाळत घालायच्या जाळ्यांखाली लपवली. बायका जाळ्यांवरचा वाळलेला बेदाणा झाडायला येणार आहेत, हे या शहाण्या सशाच्या ध्यानातच राहिलं नाही.

कालवा ऐकून गेले, तर बायका शेडबाहेर उभ्या.

"करणी हाय ही. तांबडं अंडं, त्याच्यावर पान काढलंय. आमी न्हाई आत जायच्या," त्यातली थोरली म्हणाली.

धाकट्या दिरांनी मला विचारलं, "वैनी, तुमाला काय म्हाईत हाय का?"

"न्हाई बा," मी म्हणाले.

सुनेवर बालंट नको म्हणून मी नाही म्हणाले, असं मी मनाला सांगत असते. ते खोटं आहे. करणी करणारी म्हणून गावात माझं नाव होईल, याची मला भीती वाटली. दिरांनी अंडी फडक्यात गोळा केली आणि कॅनॉलमध्ये टाकून आले.

मग नात टोपली घेऊन आली. प्रत्येक जाळीखाली वाकून वाकून बघत ती सगळी शेड फिरली. सून दारात उभी होती. मला अंडी घेऊन जाताना तिने सकाळी पाहिलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नात माझ्यापाशी आली. बापाने शिकवलेल्या मराठीत तिने विचारलं, "आजी, मी वाईट मुलगी आहे?"

"न्हाई गं बाळा. ससा वाट चुकला आसंल."

एवढं बोलतानाही मी आवाज खाली घेतला, दिरांना ऐकू जाऊ नये म्हणून.