लालसाबला मत नव्हतं ती दुपार

विजापूर वेशीजवळच्या एका बोळात लालसाब शेखचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान हातभर, मतं मात्र पोतंभर. काच बदलायला गेलेलं गिऱ्हाईक काच तर बदलून नेतंच. वर विश्व कसं जन्मलं, नळाला रोज पाणी का येत नाही आणि आमटीत कडक भाकरी किती वेळ भिजवावी, यावरचा निकालही घेऊन जातं.

त्याची बायको रुक्साना दुपारी डबा घेऊन यायची ती ऊन उतरेपर्यंत थांबायची. दुकानातला कूलर घरच्यापेक्षा बरा होता, असं ती सांगायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत शेंगा सोलत बसायची आणि ऐकायची.

"चाचा, बॅटरी लई लवकर उतरतीय," एखादं पोरगं म्हणायचं.

"उतरणारच की! हे टॉर्चचं ॲप बघ. उजेड पाडायला तुज्या फोनातले सगळे नंबर मागतंय. अंधारात काय तुज्या मावशीला हाक मारणार हाय का ते?"

एकदा मॉलमध्ये बिल करणाऱ्या मुलीनं त्याला मोबाईल नंबर विचारला. "बनियन घ्यायला आलोय बाई, सोयरीक जुळवायला न्हाय," म्हणून त्यानं अख्खी रांग थांबवून धरली. शेवटी रुक्सानानं मागून वाकून नंबर सांगितला, तेव्हा कुठं बनियन हातात पडलं. घरापर्यंत लालसाब चकार शब्द बोलला नाही. घरी पोचल्यावर मात्र झोपेपर्यंत त्या नंबराशिवाय दुसरं काही बोलला नाही.

त्याच्या टेबलावर एक आरसा तिरका टांगलेला होता, बापाच्या वेळचा. बाप घड्याळजी. आतला चांगला भाग काढून जुना घालतात, अशी घड्याळजींविषयी गिऱ्हाइकांची कायम शंका. म्हणून बापानं आरसा लावला, समोर बसलेल्याला कारागिराचे हात दिसावेत. पुढं घड्याळं गेली, मोबाईल आले, आरसा राहिला. त्याच्याबरोबर एक नेमही राहिला. काच, बॅटरी, चार्जिंगची पिन हे झालं बाहेरचं काम. फोनच्या आत शिरायचं, तर ज्याचा फोन तो समोर स्टुलावर बसलेला पाहिजे.

त्या स्टुलावर फोन नसतानाही रोज बसणारा माणूस एकच, गोपाळ सर. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरी कुणी ऐकत नाही म्हणून इथं यायचे आणि इथंही त्यांना कुणी बोलू द्यायचं नाही.

"सर, ते पेटीतलं मांजर सांगा परत."

"अरे, पेटी उघडून बघेपर्यंत ते जिवंतही आहे आणि मेलेलंही आहे, असं मानायचं."

"म्हंजे ह्या शास्त्रज्ञांच्या घरात कधी मांजर न्हवतंच. अहो, कोंडलेलं मांजर गप बसतंय व्हय? गल्ली उठवील की!"

"तो विचारातला प्रयोग आहे, लालसाब!"

"विचारात तरी मांजराला कशाला तरास? आन् काळाचं म्हणाल, तर माजं मत पक्कं हाय. घड्याळ चालतं तोवर काळ. घड्याळ बंद, काळ बंद."

"मग तू माझं घड्याळ महिनाभर बंद ठेवलंस, तेव्हा मी म्हातारा कसा झालो?"

यावर रुक्साना एवढी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

एका विषयावर मात्र दोघांचं एकमत होतं. पेपरात नशेच्या गोळ्यांची बातमी आली की लालसाब स्क्रू-ड्रायव्हर हवेत नाचवायचा. "दोन थोबाडीत. आन् चार दिवस खोलीत कोंडायचं. औषध न्हाय, काय न्हाय." सर मान हलवायचे. "शिस्त नाही राहिली," म्हणायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी सर आले ते स्टुलावर न बसता उभेच राहिले. शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात अडकली होती. खिशातून एक फोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला. काच तडकलेली.

"आशिषचा आहे. काच राहू दे. आतलं उघड."

आशिष म्हणजे सरांचा धाकटा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी वडिलांना न्यायला यायचा आणि रुक्सानाच्या पदराआडून गूळ-शेंगा खाऊन जायचा. मध्यंतरी त्याचं येणं थांबलं होतं.

"काय झालं सर?" रुक्सानानं विचारलं.

"बुटात गोळ्यांची पट्टी सापडली, वहिनी. झोपेच्या. म्हणतो, मित्राच्या आहेत. दिवसभर झोपतो, कॉलेजला जात नाही, बोलताना जीभ जड होते. कोण देतंय, कधीपासून, मला सगळं बघायचंय. फोन दुरुस्तीला टाकतो म्हणून आणलाय."

लालसाबनं फोन हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला.

"त्याला घेऊन या, सर."

"तो येईल? अरे, मी बाप आहे त्याचा! फोन मी घेऊन दिलाय."

"व्हय. पर हाय त्याचा."

"तुझी ती टॉर्चची भाषणं मला नको ऐकवू! पोरगं चाललंय माझं!" सरांचा आवाज बोळात गेला, समोरचा पानवाला वळून बघायला लागला. "रोज सांगतोस ना, दोन थोबाडीत, चार दिवस कोंडा? दुसऱ्याच्या पोराला? आणि माझ्या वेळेला तुझा नेम?"

 सर फोन तिथंच टाकून उन्हात निघून गेले.

ते बोळाबाहेर पडेपर्यंत रुक्साना थांबली. दुकानात दोघं मराठी बोलत. आता तिची घरची दखनी बाहेर पडली.

"खोलो जी."

"नक्को."

"कायकू नक्को? तुमना उसका पॅटर्न मालूम हय. मय देखी ना, इस आरसे में."

खरं होतं. आरशात गिऱ्हाइकाला लालसाबचे हात दिसत, तशी लालसाबला गिऱ्हाइकाची बोटंही दिसत. आशिष मागं एकदा चार्जिंगची पिन बदलायला आला होता, तेव्हा फोन उघडताना त्याच्या बोटानं काढलेली नागमोडी रेघ दोघांनीही पाहिली होती.

"मालूम हय, इसीच वास्ते नक्को," लालसाब म्हणाला.

"बच्चा हाथ से गया तो? फिर क्या आरसा देखते बैठेंगे?"

लालसाब फोनची काच काढायला लागला. रुक्सानाला त्याचा असा राग आला की डबा तिनं त्याच्या पुढं ठेवलाच नाही. नेमाचं एवढं काय कौतुक? पण त्याच्या हातातल्या चिमट्यातून स्क्रू निसटून खाली पडला. ज्या हातानं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, तो हात. मग तिनं उठून डबा उघडला. तो जेवला नाही.

काच बसते न बसते तोच आशिष आला. उन्हातून चालत आला असावा. ओठ कोरडे, डोळे जड.

"चाचा, झाला का? द्या ना लवकर."

रुक्सानानं नवऱ्याकडं पाहिलं. आता सुरू होणार, असं तिला वाटलं. शिस्त, थोबाडीत, कोंडणं, बापाचे कष्ट. लालसाबनं फोन उचलला आणि पोराच्या हातात दिला.

"तुज्या वडलांनी आत बघायला सांगितलं. मी न्हाय बघितलं. आन् तुजा पॅटर्न मला ठावं हाय, आरशात दिसला. ते ठावं असायला नगं हुतं. तेवढा बदलून टाक."

आशिषनं फोन घट्ट धरला. दाराकडं पाहिलं. रुक्सानाला वाटलं, गेलं आता पोरगं.

"त्यांनी गोळ्यांचं सांगितलं?"

"व्हय."

"मग बोला की, चाचा. बोला. तुमचं काय मत?"

त्यात टोमणाही होता. लालसाबनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. 

"ह्याच्यावर मत न्हाय माजं," तो म्हणाला. "हुतं. लई बोललो त्याच्यावर. पर तू समोर आलास, तर काय कळंना झालंय मला."

रुक्सानानं अख्ख्या संसारात हे वाक्य ऐकलं नव्हतं. आशिषनंही ऐकलं नसावं. तो स्टुलावर बसला, नेमका बापाच्या जागी. रुक्सानानं पाण्याचा तांब्या दिला. त्यानं पाणी प्यायलं, तांब्या दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला.

"झोप येत नव्हती, चाची. परीक्षेच्या वेळेला. एकानं दिली." तांब्याकडं बघत तो म्हणाला, "आता घेतली नाही की हात थरथर कापतात."

"मग थांबव की रे, राजा."

"थांबवून बघितलं."

लालसाबनं स्वतःचे हात मांडीखाली घातले.

"बाबांना इथं बोलवाल? घरी नको. घरी आई रडते आणि मग काहीच बोलता येत नाही."

लालसाबनं फोन लावला. सर पलीकडून ओरडत असावेत. तो फक्त "व्हय सर, व्हय सर, या," म्हणत राहिला. सर आले ते धापा टाकतच. पोराला पाहून दारातच थबकले. सकाळपासून जमवलेली सगळी वाक्यं तोंडात असताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता.

आशिषनं फोन उघडला. बोटं नीट चालत नव्हती, दोनदा चुकली. मग उघडलेला फोन त्यानं बापाच्या पुढं धरला.

"घ्या. बघा सगळं."

हेच बघायला सर उन्हातून आले होते. त्यांनी फोन घेतला. पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. अंगठा पडद्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"नको," ते म्हणाले. "तूच सांग."

रुक्सानानं नवऱ्याच्या बाहीला धरून ओढलं. "चला, बाहेर."

"माजंच दुकान हाय की."

"चला म्हणते ना!"

दोघं बोळात आले. ऊन असं की पत्र्याला हात लागला तर पोळेल. काचेच्या दारामागं सर रुक्सानाच्या खुर्चीवर बसले होते, आशिषचे ओठ हलत होते. पानवाल्यानं काय झालं म्हणून हातानंच विचारलं; रुक्सानानं डोळे वटारले.

"काय म्हणत असंल गं?" लालसाबनं मान लांब केली. "सिव्हिलला दाखवायचं तर सकाळी लौकर जायला पायजे, रांग लई आसती. मी बी जातो संगट. सर काय बोलतायत का नुसतं ऐकतायत? जरा बघू—"

"पाठ फिरवा," रुक्साना म्हणाली.

"नुसतं बघतोय की."

"पाठ फिरवा, अजी!"

लालसाबनं दुकानाकडं पाठ फिरवली. रुक्सानानं पदर त्याच्या डोक्यावर थोडा ओढला, दोघांपुरता. आत सरांनी हात पुढं करून पोराच्या हातातला तांब्या काढून घेतला होता आणि तो हात तसाच धरून बसले होते. तिनं तेवढंच पाहिलं. मग तिनंही पाठ फिरवली.