पाण्यातला पाव्हणा

गोड भातात वेलची पडली की मला टिळकवाडीतली आमची विहीर दिसते. शेजारच्या बंगल्यात सिंधमधून बदलून आलेले एक साहेब राहत. तेव्हा सिंध आणि बेळगाव एकाच मुंबई इलाख्यात होते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची बायको ताटात कणकेचा दिवा, तांदूळ-साखर आणि वेलचीचा पिवळा भात घेऊन दारात आली. आज आमचं नवं वर्ष, देवाचा जन्मदिवस, असं तिनं मोडक्या मराठीत सांगितलं. फार पूर्वी एक राजा धर्म सोडा म्हणून छळू लागला, तेव्हा लोक सिंधूकाठी उपाशी बसले आणि हा देव माशावर बसून नदीतून आला. "आमचा देव पाण्यात. इथं नदी कुठं?" तिनं विचारलं. कंग्राळीकडची मार्कंडेय नदी तर चैत्रात कोरडी पडलेली. आत्या म्हणाली, "पिण्याच्या हिरीत तांदूळ टाकत्यात व्हय?" आईनं ताटाकडं पाहिलं आणि पदर खोचला. "जिवंत झरा हाय आमच्या हिरीला. या." बाईनं मूठभर तांदूळ-साखर पाण्यात सोडली, पदर पसरून डोळे मिटले आणि मग बराच वेळ कठडा धरून खाली बघत राहिली. पुढं त्यांची बदली झाली. फाळणीत तिची नदी पलीकडं राहिली. आई मात्र दरवर्षी त्या दिवशी मूठभर तांदूळ-साखर घेऊन विहिरीवर जायची. आता विहिरीवर जाळी आहे, घरात नळ. तरी त्या सकाळी नळाखाली कळशी धरली, की लहानपणी विहिरीत बादली सोडताना मला अडवणारी आई ऐकू येते, "थांब गं, पाव्हण्याचं जेवण व्हायचं हाय अजून."