झुल्यावरचा कॉन्ट्रॅक्टर

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. जागा: हडपसरमधलं माझं दुकान, जिथे मी जळालेल्या मोटारींत नवी तार भरते. हजर: मी, रंगकाम करणारे पेंटरभाऊ आणि त्यांची बायको, शेजारच्या गाळ्यातले प्लंबर, आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन नुकतेच विमा एजंट झालेले एक काका. गैरहजर: सुतार. ते ‘बघतो’ म्हणाले होते, म्हणजे येणार नव्हतेच.

बैठक मी बोलावली होती. त्या वर्षांत पुण्याच्या चारी बाजूंना काचेच्या इमारती उठत होत्या. आत बसणाऱ्या आयटीतल्या मुलांना नोकरीबरोबरच विमा मिळायचा, आजारी पडलं तरी पगार चालू राहायचा. त्या इमारती उभ्या करणाऱ्या आमच्यासारख्यांचा हात थांबला की चूल थांबायची. म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते: अपघात, दवाखाना, हत्यारं, आणि आपल्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर कोण भरणार. पहिल्याच मुद्द्यावर सगळी सकाळ गेली.

कारण पेंटरभाऊ दुसऱ्या दिवसापासून झुल्यावर जाणार होते. गच्चीवरून दोरांनी खाली सोडलेली फळी, तिच्यावर बसून इमारतीची बाहेरची भिंत रंगवायची. एवढ्या उंचीचं काम त्यांना प्रथमच मिळालं होतं. त्याआधी त्यांचा अपघात विमा उतरवावा, यासाठी त्यांची बायको दिवाळीआधीपासून माझ्यामागे लागली होती. लोणी काळभोरहून बस पकडून ती नवऱ्याला घेऊन आली होती.

काकांनी फॉर्म उघडला. “व्यवसाय?”

“कॉन्ट्रॅक्टर.” पेंटरभाऊंनी खिशातून छापील कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

“कामाचं स्वरूप?”

“देखरेख. ऑफिसात बसून.”

प्लंबरना हसू आवरेना. “ऑफिसला भिंती आहेत, का नुसते दोर?”

“तुम्ही गप बसा. तुमचं ऑफिस तर गटारात हाय.”

पेंटरभाऊंच्या मुलीचं लग्न जमवणं चालू होतं. मुलगा कंपनीत होता आणि पाहुण्यांकडे हेच कार्ड गेलं होतं. उद्या कुठल्या कागदावर ‘रंगारी’ निघालं तर बोलणी मोडतील, ही त्यांची धास्ती. आमच्या लाइनीत हे सगळेच करतात. लादी बसवणाराही कार्डावर कॉन्ट्रॅक्टर असतो आणि कार्ड काढताना त्याच्या बोटांना सिमेंट असतं.

“अहो, विम्याचा फॉर्म पाहुणे वाचत नाहीत,” काका म्हणाले. “हा मुलीचा बायोडेटा नाही. इथे ‘घराणं चांगलं’ लिहून काही मिळत नाही. बसून काम करणाऱ्याला धोका कमी, म्हणून हप्ता कमी. तुम्ही लिहिणार ऑफिस आणि पडणार झुल्यावरून. मग कंपनी म्हणेल, या माणसाचा विमा आम्ही उतरवलाच नव्हता. तुम्ही हप्ते भरलेले असतील, आणि विमा नसेल.”

“मला काय व्हायचंय? जन्म शिडीवर गेला माझा.”

त्यांच्या बायकोने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, “अहो, तुम्ही पडलात तर तो कागद काय तुम्ही वाचणार नाही. मला वाचून दाखवतील. तवा मी त्या टेबलापुढं उभी राहून काय सांगू? माझा मालक कॉन्ट्रॅक्टर नव्हता, रंगारी होता? आन् ते पटवू कसं? तुमची नखं दाखवून?”

आम्ही सगळ्यांनी नकळत त्यांच्या नखांकडे पाहिलं. रंगाआधीचा प्रायमर बसून ती पांढरी झाली होती. त्यांनी हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाले, “लिहा. रंगारी. झुल्यावर, सोत्ता. पण कार्ड बदलणार न्हाई.”

“कार्डाला आमच्याकडे हप्ता नाही,” काका म्हणाले.

मला वाटलं, झालं काम. पण सही झाल्यावर काकांनी पेन बंद करत सांगितलं की कंपनी हा फॉर्म मान्य करेपर्यंत विमा सुरू होत नाही. उंचीचं काम म्हणजे ते जास्त चौकशी करणार. तोवर झुल्यावर चढायचं नाही.

पेंटरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. ती बाहेर रस्त्याकडे बघत होती. त्यांनी माझ्या दुकानातून साइटवर फोन लावला. पलीकडचा सुपरवायझर एवढ्या जोरात ओरडला की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. ओरडणं थांबल्यावर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, खालचं पार्किंग आधी उरकतो. वरचं मागनं.” बऱ्याच शिव्यांनंतर होकार आला.

विमा मंजूर झाला, मग ते झुल्यावर गेले. काहीच झालं नाही. मुलीचं लग्न त्याच घरात झालं. पुढे व्याह्यांनी आपलं घर रंगवायला त्यांनाच बोलावलं आणि वर दरात घासाघीस केली.

अपघाताचा हा विमा दर वर्षी नव्याने करावा लागतो, हे लोक विसरतात. त्यामुळे दिवाळीनंतरचा रविवार आमच्याकडे ठरून गेला. नवरा-बायको येतात, चहा होतो, काकांसाठी फॉर्म आता मीच भरते, म्हणून मागच्या वर्षीचा कागद पुढे ठेवते आणि विचारते, “कामात काही बदल?” दर वर्षी उत्तर ‘न्हाई’.

या वर्षी पेंटरभाऊ हसले. गुडघे गेल्यामुळे त्यांनी झुला सोडलाय. “ताई, आता लिहा कॉन्ट्रॅक्टर. आता खरं हाय.”

मी लिहिलं. मग विचारलं, “झुल्यावर कोण जातं?”

“दोघं हायत. विदर्भाकडची.”

“त्यांचा विमा?”

“त्यांना काय व्हायचंय? तरणी हायत.”

त्यांच्या बायकोने त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखं आता स्वच्छ असतात. पेंटरभाऊंनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “येत्या रविवारी दोघांना घेऊन येतो.”

तो रविवार गेला, त्या दिवशी साइट चालू होती. पुढचाही गेला. मी त्यांना दोनदा फोन केला. दोघं वर आहेत, उतरली की सांगतो, म्हणाले. टेबलावर दोन कोरे फॉर्म ठेवलेत. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत आहे, पण सह्या त्या दोघांच्या हव्यात.