डेअरीतला माणूस आणि दूध बंद

ज्याचं दूध बंद झालंय त्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते ताटात वाढूनच येतात! त्यात माझी नोकरी काष्टीच्या दूध संकलन केंद्रात. दिवसभर लोकांच्या दुधाचं फॅट तपासायचं आणि स्वतः थेंबसुद्धा घ्यायचा नाही. घेतला की ओठ टम्म फुगतात, श्वास अडकतो. डॉक्टरांनी दूध, दही, तूप, सगळं कायमचं बंद केलंय.

मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं, तर त्यांनी आधी केबिनचं दार लावलं. मला वाटलं, विचारपूस करतील. हळूच म्हणाले, "गवळ्यांपुढं बोलू नको बाबा. लोक म्हणतील, डेअरीचं दूध डेअरीच्याच माणसाला बाधलं!"

*

किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचत होतो. दुकानदार वैतागला.

"डेट बघताय व्हय? ताजा माल हाय."

"दूध आहे का बघतोय."

"दूध? ते तुमच्याकडंच मिळतं की!"

*

मिरजगावजवळच्या हॉटेलात वेटरला बजावलं, "दूध, दही, बटर, क्रीम, काही नको." त्यानं मान डोलावली. शेवभाजी आली, तर वर क्रीमची ही मोठी जिलेबी!

"अरे, हे काय?"

"आत कायच न्हाई साहेब. फक्त वरनं हाय!"

*

माझी बायको सुनीता शेंगदाणे वाटून त्यांच्या दुधाचं दही लावायला शिकली. त्याची कढी डब्यात नेली. आमच्या टँकरवर पोपटमामा ड्रायव्हर, सगळी हयात दुधात गेलेली. त्यांनी भुरका मारला आणि डोळे मिटले.

"म्हशीचं दही. तेबी मुऱ्हा!"

"मामा, शेंगदाण्याचं आहे."

मामांनी आणखी एक भुरका मारला.

"मग म्हशीनं शेंगदाण्याची पेंड खाल्ली आसंल."

*

जामखेडला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. मेव्हणा मांडवभर सांगत फिरत होता, "पनीर अस्सल म्हशीच्या दुधाचं हाय! आपल्याकडं हयगय न्हाई!" मी आपला वांग्याची भाजी आणि भाकरी घेऊन कोपऱ्यात बसलो. वाढप्यानं गडबडीत रश्श्याची वाटी ठेवली. मी बटाटा समजून संपवत आणली, तेवढ्यात सुनीता ओरडली, "अहो, पनीर हाय ते!"

तसंच गाडीत घालून मला दवाखान्यात नेलं. सुनीता रडत होती, मी ओठ चाचपत होतो. डॉक्टर इंजेक्शन भरून, नाडी धरून बसले. बराच वेळ गेला. ओठ होते तसेच!

डॉक्टरांनी विचारलं, "नक्की पनीरच खाल्लं ना?"

"वाटीभर!"

डॉक्टर गालातल्या गालात हसले. "मग घरी जा. काही होत नाही तुम्हाला."

मांडवात परत आलो, तर मेव्हणा पळत आला. डोळ्यांत पाणी, शेजारी नवे व्याही, भोवती सगळे पाहुणे.

"दाजी, माझ्या पनीरनं तुमाला काय झालं आसतं तर?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काळजी करू नकोस. तुझं पनीर मला चाललं!"