बघू म्हणजे नाही

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या ऑफिसात तिला सगळे फळाबाई म्हणत. एकोणीस वर्षं भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कोणता मेकॅनिक कुठल्या इमारतीत आणि कोण रजेवर, हे तिनेच लिहिलं आणि तिनेच पुसलं. तिच्या करंगळीची कड कायम निळी असायची. सातही मेकॅनिक तिला टरकून होते. मालकाने रजा दिली तरी फळाबाईने दिल्याशिवाय ती खरी नाही, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग नवीन मॅडम आल्या आणि फळा गेला. आता सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. ते मांडायचं काम अर्थातच फळाबाईच्या गळ्यात पडलं. दोन दिवस ती धुसफुसली, तिसऱ्या दिवशी तिला त्याची गोडी लागली. सात जणांना तिने सात रंग वाटले. तांबडा स्वतःला ठेवला, पण वापरायचा कशाला? रजा ती घेतच नव्हती. नोंद टाकली की ज्याला बोलावलं त्याला मेल जायचा आणि त्याने तीनपैकी एक बटण दाबायचं: हो, नाही, कदाचित.

गाडी अडली ती बघूरावांपाशी. सर्वांत जुने मेकॅनिक. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला पहिले, शब्द द्यायला शेवटचे. शनिवारी येणार का, बघू. जेवलात का, तर त्यालाही बघू. त्यांनी प्रत्येक नोंदीवर कदाचित दाबून ठेवलं आणि कॅलेंडरचा पार विचका झाला. फळाबाईने सगळ्यांना समोर बसवलं.

"बघू म्हणजे नाही," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं ऐकतेय मी."

मग सेटिंगमध्ये शिरून तिने नियमच करून टाकला. गुरुवारी दुपारी बारापर्यंत 'हो' आलं नाही, तर शनिवारची नोंद आपोआप रद्द, आणि ज्याला बोलावलं असेल त्याला तसा मेल. मॅडमनी पाठ थोपटली. फळाबाई त्या दिवशी खुशीत घरी गेली.

'बघू'चा अर्थ तिला खरा शिकवला होता तो लेकीने. तीन वर्षांपूर्वी नवरा हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता, लेक एकटी त्याच्या उशाशी होती. अर्ध्या तासात येते, असं फळाबाईने तिला सांगितलं आणि तेवढ्यात कुठे तरी दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत दोन म्हाताऱ्या. ती फोनमागून फोन लावत राहिली. म्हाताऱ्या सुखरूप सुटल्या. फळाबाई अडीच तासांनी पोहोचली, तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. महिन्याभरात लेकीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. दर रविवारी फोन करायची, तब्येत विचारायची. ये ना गं एकदा, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, बघू गं, आई.

नियम केल्यानंतरच्याच आठवड्यात फळाबाईने मनाचा हिय्या केला. पुढच्या शनिवारवर तांबड्या रंगाने पूर्ण दिवसाची नोंद टाकली, 'लेक येणार', आणि लेकीला निमंत्रण धाडलं. पांढऱ्यावर काळं केलं की नाही म्हणणं जड जाईल, असा तिचा हिशेब. संध्याकाळी उत्तर आलं: कदाचित. तिने ते दहादा उघडून पाहिलं. नाही तर म्हटलं नव्हतं ना! ज्या शब्दासाठी तिने बघूरावांना फैलावर घेतलं, त्याच शब्दाने ती हरखून गेली.

गुरुवारी बारा वाजून गेले आणि शनिवारवरचा तांबडा पट्टा नाहीसा झाला. त्या जागी तिची ड्यूटी आली. स्वतःचाच नियम तिला लागू झाला होता. ती स्क्रीनकडे बघत बसली, तेव्हा बघूराव टेबलापाशी आले. कॅलेंडर सगळ्यांना दिसायचं, त्यांनीही ती नोंद वाचली होती.

"तुमचा शनिवार मी सांभाळतो, बाई. तुम्ही घरी थांबा," ते म्हणाले, आणि तिच्यादेखत त्यांनी 'हो' दाबलं.

फळाबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. रजा तर मिळाली, मग नोंद गेली तर गेली, असं तिने मनाला समजावलं. मेलची गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही.

शनिवारी ती पहाटेच उठली. लेकीच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, तिच्या आवडीचं रांधलं, दाराची बेल दोनदा स्वतःच वाजवून पाहिली. दुपार टळली. साडेपाचला न राहवून तिने फोन लावला.

"निघालीस का गं?"

"आई, तूच रद्द केलंस ना? गुरुवारी मेल आला. मी बुधवारी तिकीट काढलं होतं. दारात येऊन तुला चकित करायचं होतं."

"मी नाही गं केलं. तो नियम आहे, आपोआप होतं ते..."

"कोणी केला नियम?"

"मी," ती म्हणाली.

"असू दे," लेक म्हणाली. ती चिडली नव्हती, आणि त्याचंच फळाबाईला जास्त लागलं. "मला वाटलं, लिफ्ट अडकली असेल कुठे तरी."

फळाबाई रडली. रडतच म्हणाली, पुढच्या शनिवारी ये, नाही तर मीच येते, आत्ता निघते.

"नको, आई," लेक म्हणाली. मग म्हणाली, "बघू."