ब्लांकाच्या चष्म्याची उजवी गादी

बोहुमीर कुबेना आमच्या कार्यशाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, डोक्यांकडे बघितलं. आमचा मालक ओताकार, त्याला म्हणाले, "अठ्ठावन्न. मागून चपटं." मग माझ्याकडे वळले. "छप्पन, आणि डावीकडे कललेलं. तुम्हीच ना इंजिनिअरबाई?" मला असा राग आला म्हणता! पन्नाशीची बाई मी, वीस वर्षं भिंगांमध्ये घालवलेली, आणि हा म्हातारा आल्या आल्या माझं डोकं कललेलं काढतो.

त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांच्या टेबलावर हल्ली छपाईचं यंत्र ठेवलंय. तिथून जाताना अजून मला ओल्या नमद्याचा, टोप्यांच्या त्या दाबलेल्या जाड कापडाचा, वास येतो. खरं तर येत नाही, पण मी आपली नाक वर करून बघते. इतकी आठवण मला माझ्या सख्ख्या काकाचीही येत नाही, आणि ते सांगायला मला लाज नाही.

आमचं नोव्ही यिचीन हे टोप्यांचं गाव. कुबेना मास्तरांनी टोपीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली होती आणि घरी बसून कंटाळले होते. आमच्याकडे वैमानिकांच्या शिकवणीसाठी डोळ्यांवर चढवायचे मोठे हेडसेट बनत. आम्ही त्यांना चष्माच म्हणायचो. साधे हेडसेट समोरचं तेवढं दाखवतात, आमचे पार कानापर्यंतचं दाखवायचे. ओताकारला त्यांच्या आतल्या गाद्या शिवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्याने जाहिरात दिली आणि मास्तर आले. येताना स्वतःची कात्री, स्वतःची किटली आणि लोखंडी काड्यांचा एक पिंजरा घेऊन आले. तो पिंजरा डोक्यावर ठेवायचा, वरची झडप दाबायची, की हाताएवढ्या कागदावर टाचण्यांनी डोक्याचा आकार टोचून निघायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या सातही जणांची डोकी टोचून भिंतीवर लावली. सात बटाटे! त्यातला सगळ्यात वेडावाकडा बटाटा माझा. येणारा-जाणारा विचारायचा, हा कुणाचा? आणि मास्तर सुई न थांबवता सांगायचे, "इंजिनिअरबाईंचा. पण आत माल चांगला आहे."

माझं काम चित्र सरळ करण्याचं. एवढ्या रुंद भिंगातून बघितलं की कडेच्या रेघा वाकतात. म्हणून आम्ही चित्र आधीच उलट्या बाजूने वाकवून ठेवायचो. भिंग त्याला पुन्हा वाकवायचं आणि डोळ्याला सरळ दिसायचं. ऐकायला सोपं आहे, मला त्यात दोन वर्षं गेली. शेवटी रेघा सरळ झाल्या. मला सरळ, ओताकारला सरळ, सगळ्यांना सरळ. सगळी मापं आम्ही टेबलावरच्या एका प्लास्टरच्या डोक्यावरून घेतली होती. ते डोकं ओताकारचं होतं. साचा करायला त्या दिवशी तोच रिकामा होता, बाकी काही कारण नाही.

आणि नवीन माणूस कुणी म्हणाला की कडेला वाकतंय, मान वळवली की पोटात ढवळतंय, तर माझं उत्तर ठरलेलं: "सवय होईल." मनात म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं.

मग ब्लांका आली. तिशीतली मुलगी, बिनइंजिनाची विमानं उडवायची आणि विमान क्लबात शिकवायची. आदल्या वर्षी तिचं विमान शेतात आदळलं, उजव्या गालाचं हाड मोडलं, ते जोडलं. आठवड्यातले तीन दिवस ती आमचे चष्मे घालून बघायला यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, उजवीकडचं क्षितिज खाली गळतंय." मी म्हटलं, "सवय होईल." तीन आठवड्यांनीसुद्धा ती तेच म्हणत होती. मी वहीत लिहून ठेवत होते.

आणि नेमकं तेव्हा तिच्या डॉक्टरचं मला पत्र आलं. ईस्टरनंतरच्या बुधवारी तिच्या परवान्याची तपासणी होती. ती तुमच्या यंत्रात दर आठवड्याला बघते, तर तिची कडेची नजर कशी आहे ते कळवा, असं त्यांनी विचारलं होतं. मी ब्लांकाला पत्र दाखवलं. त्या दिवसापासून तिचं क्षितिज एकदम सरळ झालं.

"उजवीकडे?" मी विचारायची.

"मस्त."

"आणि मान वळवल्यावर?"

"मस्तच आहे, बाई."

असं खोटं बोलणारं माणूस मी बघितलं नव्हतं. मस्त म्हणताना तिचे खांदे कानाला लागलेले असायचे. गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, मी उत्तर लिहायला घेतलं: उजव्या डोळ्याची कडेची नजर भरवशाची वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती लसणाच्या सुपाची वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. सूप तसंच राहिलं.

"ते लिहू नका, बाई."

"मग काय खोटं लिहू?"

"खोटं नको. पण परवाना गेला तर माझं सगळंच गेलं. मला दुसरं काही येत नाही." जरा थांबून म्हणाली, "बाहेर मला सगळं सरळ दिसतं. हे फक्त तुमच्या चष्म्यात होतं."

"अगं, मग आम्हा सगळ्यांना कसं सरळ दिसतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी, दगड, माझ्या पावाचा तुकडा मोडत बसले. आपण खरं लिहितोय, मग वाईट का वाटून घ्यायचं, असं माझं चाललं होतं. पलीकडे कुबेना मास्तर दातात दोरा धरून शिवत होते. त्यांनी दोरा तोडला.

"पाठवा तिला इकडे," ते म्हणाले. "टोपी टोचली की गिऱ्हाईक म्हणतं, माझंच डोकं विचित्र आहे हो. चाळीस वर्षं ऐकलंय मी. एकदाही डोक्याची चूक नव्हती."

त्यांनी ब्लांकाला खिडकीपाशी बसवलं आणि दोन्ही अंगठे तिच्या गालांवर ठेवले. डोळे मिटले. आंधळा माणूस बघतो तसं बघत राहिले. मग म्हणाले, "उजवं हाड तीन मिलिमीटर आत. चार असेल. पोरी, चष्मा या बाजूने आत बसतो तुझ्या. डोळा भिंगाजवळ जातो आणि जरा खाली उतरतो."

मी म्हटलं, "तीन मिलिमीटरने काय होतंय?" आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं, की सगळंच होतं. माझं ते उलटं वाकवलेलं चित्र डोळा ठरल्या जागी असेल तरच सरळ होतं. हे मीच लोकांना शिकवायची.

मास्तरांनी सशाच्या केसांच्या नमद्याची एक चकती कापली, किटलीच्या वाफेवर धरली, बोटांनी दाबून एका बाजूने पातळ केली आणि उजव्या गादीखाली सरकवली. ब्लांकाने चष्मा चढवला.

"कसं?"

"मस्त."

मास्तरांनी चष्मा काढून घेतला. चकती बदलली. "आता?"

"मस्त."

पाच चकत्या झाल्या, पाची मस्त. मास्तर स्टुलावर बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनिअरबाई, ती वही घेऊन तुम्ही जरा बाहेर जाता का?"

"का म्हणून?"

"तुम्ही लिहिताय म्हणून ती खोटं बोलतेय. ती खोटं बोलली तर मी कापू काय, कपाळ?"

मी बाहेर गेले नाही. तेवढा अहंकार होता. पण वही बंद करून खिडकीत ठेवली, पेन तिच्यावर ठेवलं, आणि ब्लांकाला म्हटलं, "आज मी काही लिहीत नाही. जे दिसतंय ते सांग." मग चष्म्याच्या आतून बारीक आवाज आला, "चित्रातला चर्चचा मनोरा उजवीकडे झुकलाय. शेतं वर चढतायत. पहिल्या दिवसापासून असंच आहे. रोज घरी जाऊन मी एक डोळा झाकून दाराची चौकट बघते."

मास्तर खूश झाले. "हां, आता बोललीस. मनोरा किती झुकलाय, बोटभर?" आणि मग दोघांचं सुरू झालं. जास्त, कमी, आता मनोरा सरळ पण शेतं चढतायत, आता खालून टोचतंय. अर्धा तास असाच गेला. किटलीतलं पाणी दोनदा संपलं. शेवटची चकती त्यांनी वस्तऱ्याने तासली, इतकी पातळ की आरपार उजेड दिसावा. ब्लांकाने चष्मा चढवला, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. मस्त म्हणाली नाही. तिचे खांदे तेवढे खाली आले, आणि मास्तर कात्री पुसू लागले.

ती गेल्यावर मी वही उघडली आणि मोठ्या उदार मनाने लिहिलं: चेहऱ्यातील दोषामुळे विशेष गादी लागली, ती दिल्यावर नजर ठीक. मास्तरांना वाचून दाखवलं.

"दोष?" ते म्हणाले. "हे वाचून डॉक्टर परवाना देईल?"

मला माहीत होतं, देणार नाही. विमानात कोण विशेष गादी लावून देतंय? "पण मी काय करू, मास्तर? आम्हा सगळ्यांना तर आधीपासून सरळ दिसतंय ना."

"बसा," ते म्हणाले. "पाच मिनिटं."

"मला कशाला? माझा उत्तम आहे."

"बसा हो."

बसले. त्यांचे अंगठे माझ्या गालांवर आले, कोरडे आणि किटलीमुळे गरम. त्यांनी माझ्या चष्म्याची डावी गादी उचकटली, खाली दोन चकत्या घातल्या, कपाळाची एक काढून टाकली. मी चढवून बघितलं. माझ्या लाडक्या रेघा, दोन वर्षांच्या मेहनतीच्या, सगळ्या डावीकडे फुगलेल्या!

"वाकवलंत तुम्ही सगळं," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. माझ्या जुन्या मापाच्या गाद्या एका दुसऱ्या चष्म्यात बसवल्या आणि दोन्ही चष्मे कपाटात ठेवले. "चार दिवस सुट्टी आहे. घरी ईस्टरची अंडी रंगवा, रोपं लावा, पण डोळ्यांवर काही चढवू नका. मंगळवारी आल्यावर आधी तुमचा जुना लावा. पत्रही तेव्हाच पाठवा."

चार दिवस मी चरफडत काढले. नवऱ्याला म्हटलं, टोप्या शिवणारा मला भिंगं शिकवतोय. तो म्हणाला, "बाहेरची झाडं बघ जरा." मीही मग बागेत बसून शेजाऱ्यांचं कुंपण बघितलं, लांबचे डोंगर बघितले. कितीतरी महिन्यांनी मी सलग चार दिवस खरं जग बघत होते.

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. मास्तर आले होतेच, ईस्टरच्या केकचा उरलेला तुकडा चहात बुडवून खात होते. मी कपाट उघडलं, जुना चष्मा चढवला आणि रेघांचं पान लावलं.

डावीकडच्या रेघा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबत होत्या. मी डोळे मिटून उघडले. तशाच. मान वळवली, तर अख्खं पान पाण्यावर असल्यासारखं हललं आणि पोटात ढवळलं. दोन वर्षं मी हेच बघत होते, यालाच सरळ म्हणत होते. मग मास्तरांचा चष्मा चढवला. आखून काढल्यासारख्या सरळ रेघा, या कानापासून त्या कानापर्यंत. गुरुवारी याच रेघा मला फुगलेल्या दिसल्या होत्या. अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्यावर आम्ही सगळे दोन वर्षं ऐटीत नाचत होतो. ब्लांकाला तेवढी सवय झाली नव्हती, कारण ती उरलेले चार दिवस आकाशाखाली असायची.

मी चष्मा काढला आणि तशीच बसून राहिले. आता हे टोमणा मारणार असं वाटलं, मारला असता तर बरं वाटलं असतं. मास्तरांनी केकची बशी माझ्याकडे सरकवली. "खा," म्हणाले, "बायकोने मनुका घातल्यात."

प्लास्टरचं डोकं ओताकारने त्याच आठवड्यात अडगळीत टाकलं, आणि तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक चष्मा त्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर बसवूनच बाहेर जायला लागला. पण ते नंतरचं. त्या सकाळी मी आधी जुनं पत्र फाडलं आणि नवीन लिहिलं. चार ओळींचं पत्र, त्याला मला दोन तास लागले. ओताकारने वाचलं आणि म्हणाला, "स्वतःबद्दल असं कुणी लिहितं का? जरा मऊ करा." मी एक शब्द बदलला नाही. हातोहात डॉक्टरकडे पाठवलं, आणि मग ब्लांकाला फोन केला.

ती विमान क्लबात होती, मागे वारा ऐकू येत होता. उद्या तिची तपासणी होती. मी म्हटलं, पत्र गेलं.

"सांगा बाई," ती म्हणाली. "कुठला डोळा खराब लिहिलात?"

"दोन्ही," मी म्हटलं. "माझे."